दोन बहिणी, एक कोट

सकाळी दहा चाळीसला दिग्दर्शकाने दोन बहिणींची एक बहीण केली.

रशियन कादंबरी नऊशे पानांची होती आणि तिच्यावरचं संगीत नाटक अडीच तासांचं. एक काका, दोन नोकर आणि एक अख्खं युद्ध आधीच लाल पेन्सिलीखाली गेलं होतं. आता नायिका आणि तिची बहीण मिळून एकच पात्र. अडचण इतकीच, की ही दोन्ही कामं सख्ख्या बहिणी करत होत्या.

"मग राहणार कोण?" थोरलीने विचारलं.

"अजून काही ठरवलेलं नाही," दिग्दर्शक म्हणाला. "दोघी गाऊन दाखवा."

थोरली उत्तम गायली. धाकटी बरी गायली.

मग थोरली शिंप्याच्या खोलीत डोकावली. नायिकेचा काळा कोट टांगलेला होता. एकच. तिने अंगात घालून पाहिला. खांद्यात अडला, बटण लागेना.

"अहो, तो तुमच्या मापाचा नाही," शिंपी म्हणाला. "माप सोमवारीच घेतलंय."

त्या दिवशी गुरुवार होता. दारात धाकटी उभी होती.

"सोमवारी तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना?"

"गेले होते. येताना इथे आले."

"आणि आज माझ्यासमोर उभी राहून गायलीस?"

"सरांनीच सांगितलं, ताई. तुला वाईट वाटायला नको म्हणून."

"केवढी ती काळजी!"

संध्याकाळी दिग्दर्शकाने थोरलीला थांबवलं. तिच्या वाट्याची गाणी धाकटीला येत नव्हती. "घरातल्या घरात शिकवाल? तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

ती हो म्हणाली. त्याला हायसं वाटलं.

वादक शेवटच्या दिवशीच यायचे. तोवर हॉलमध्ये संवाद आणि हालचाली, गाणी घरच्या कीबोर्डवर. थोरलीने दोन आठवडे एकही दिवस न चुकवता, एकदाही न चिडता शिकवलं. शेजारीण म्हणाली, बहीण असावी तर अशी.

शनिवारी दुपारी चारला वादक आले. पहिल्याच गाण्यात वाद्यं वर गेली आणि धाकटी खाली राहिली. सूर गाठायला वर चढली, तर आवाज फाटला. एक व्हायोलिनवाला हसला.

संगीतकाराने हात वर केला. "पट्टी कुणी दिली हिला?"

सगळे तिसऱ्या रांगेत बसलेल्या थोरलीकडे वळले. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र खाली उतरतो.

"मूळ पट्टी तिला झेपत नाही," थोरली शांतपणे म्हणाली. "वाईट वाटायला नको म्हणून तिला सांगितलं नाही."

कोट धाकटीच्या अंगावरच होता.

"खाली वाजवता येईल?" दिग्दर्शकाने विचारलं.

"बारा वादकांचे नोटेशनचे कागद नव्याने लिहू?" संगीतकार म्हणाला. " सातला प्रयोग आहे, साहेब."

दिग्दर्शक थोरलीकडे वळला. "तुम्हाला सगळी गाणी..."

"येतात. मूळ पट्टीत."

चार पन्नासला शिंप्याला बोलावलं. त्याने धाकटीच्या अंगावरच कोटाची शिवण चाचपली. दोन्ही बाजूंना इंच-इंच जास्तीचं कापड होतं. तो नेहमीच सोडतो.

"उसवू का?" त्याने कात्री हातात घेऊन विचारलं.

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.