रांजणाला जोडलेला कॉम्प्युटर

"अहो, ते बंद करा, नाहीतर मला तरी बंद करा!" उशी कानावर दाबून भारती ओरडली.

"दोन मिनिटं. पत्रिका अर्धवट सोडता येत नाही," पडद्यापलीकडून प्रशांत म्हणाला.

प्रशांतची दोन मिनिटं म्हणजे एसटीची दोन मिनिटं. भारतीने कूस बदलली.

मिरजगावात हायवेला लागून पत्र्याची एकच खोली, मध्ये जुन्या साडीचा पडदा. अलीकडे दवाखान्यातली रात्रपाळी करून आलेली भारती सिस्टर, पलीकडे नवऱ्याचा लग्नपत्रिकांचा धंदा, बाहेर ओट्यावर सासू बनुबाईची बाज. रात्री काम करावं तर लाइट नाही. नगरहून जुळवून आणलेला कॉम्प्युटर चैत्रात इतका तापे, की त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावावा लागे. आतला पंखा घरघरे, बाहेरचा खडखडे, वर पत्रा दोघांना साथ देई. माणसं घामानं निथळायची आणि वारा खायचं ते मशीन.

परवा पहाटे भारतीने भलतंच औषध सुईत भरलं. टोचण्याआधी दिसलं म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, घरी झोपत नाही का? पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघावी लागेल मला."

हे ऐकून प्रशांत दिवसभर मशीन उलटंपालटं करून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "पंखेच काढतो. पाण्यानं थंड करू."

"आडात सोडा त्याला. कायमचं थंड होईल."

पण गडी ऐकतोय कुठला! फ्रिज दुरुस्त करणाऱ्या सूर्यभानकडून तांब्याची चपटी डबी डाख देऊन आणली. ती कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या चिपवर बसवायची, तिच्यातून पाणी खेळवायचं. गवंड्याची लेव्हलची नळी आली, कूलरचा पंप आला. पंप बादलीत गुणगुणला, तर त्याच्याखाली घालायला प्रशांतने भारतीची ड्यूटीची स्लीपर कापली. आवाज घालवायच्या या खटपटीचाच आवाज आठवडाभर चालला. त्यात बादलीतलं पाणी घटकाभरात कोमट!

"रांजण!" प्रशांत ताटावरून उठलाच. "रांजण पाझरतो, पाणी आपोआप निवतं."

"जेवा आधी. पाझरतोय तुमचा मेंदू."

नवा रांजण ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसला. पंप त्यात सोडला, खिडकीतून नळ्या आत आल्या. कोणी पाणी काढून ते कमी होऊ नये म्हणून झाकणावर दगड ठेवला.

त्या सकाळी भारती ड्यूटीवरून आली, तेव्हा घरात पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची पावलं ऐकू येत होती.

"कसं वाटतंय?" प्रशांतने अधीरपणे विचारलं.

"बोलू नका," ती म्हणाली, आणि गेली झोपून.

जाग आली ती दिवेलागणीला. गालावर गोधडीचे टाके उमटलेले. किती महिन्यांनी अशी झोप लागली होती! मग जळका वास आला. तिने पडदा सारला. स्क्रीन काळा, नळ्या रिकाम्या, मशीन मेलेलं.

बाहेर ओट्यावर मायलेकरांची कुजबूज चालली होती. ती दारातच थांबली.

"आई, अगं दगड मुद्दाम ठेवला होता मी! छापखान्यात जाऊन येतो तोवर पंप कोरडा?"

"मग काय करू? वऱ्हाडाचा ट्रक पंक्चर झाल्ता. पोरं तहानंनं कासावीस," बनुबाई म्हणाली. "ओट्यावर रांजण, अन् त्याच्यावर दगड! आपल्या दारात! आमाला लोकं वरनं वंजळीत पानी घालायची, लांबून. आन् मी म्हनू, हे पानी मशीनचं हाय?"

प्रशांतने बादली उचलली आणि रांजण पुन्हा भरायला घेतला.

"पर पानी ग्वाड लागलं म्हनं लोकान्ला," म्हातारीने हळूच भर घातली. "तांब्यातून फिरलेलं."

"लागणारच."

"आता पत्रिकांचं रं?"

"हातानं लिहीन. बोर्ड रंगवायचोच की आधी."

"भारती काय म्हनंल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. उठल्यावर."

दारामागे भारतीच्या जिभेवर म्हणण्यासारखं पुष्कळ गोळा झालं होतं. कापलेल्या स्लीपरपासून सुरुवात करायची होती. ती पाऊल पुढे टाकणार, तोच वऱ्हाडातले दोघे-तिघे खिदळत, मोठमोठ्याने पाणी मागत ओट्याशी आले.

प्रशांतने ओठांवर बोट ठेवलं आणि तांब्या पुढे केला.

"हळू, पाव्हणं. आत सिस्टर झोपल्यात."

भारतीने उचललेलं पाऊल मागे घेतलं. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट धरलं, आणि ती पडद्याआड जाऊन पुन्हा आडवी झाली.