लतिकाने राखलेला उतार

परळच्या चाळीत राहणारा गंगाधर आगीच्या बंबावर कामाला होता. त्याची लेक लतिका वनस्पतिशास्त्र शिकली आणि वणव्यात होरपळलेल्या झाडांचा अभ्यास करायला थेट अल्मोड्याच्या डोंगरात गेली. शेजारच्या जाईबाई तोंडावर म्हणाल्या, "बापाने आगी विझवल्या, पोरगी राख चिवडायला गेली!" गंगाधरलाही ते नीटसं उमगलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी गिरगावात तिचं व्याख्यान ठरलं. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे; सभागृहाच्या दारावर मोर्चाची पत्रकं चिकटलेली. गंगाधर ड्यूटीवरून तसाच, खाकीतच येऊन मागे बसला.

अध्यक्ष म्हणाले, "विषय शास्त्राचा आहे, तेव्हा बाई इंग्रजीत बोलतील."

"नाही, मराठीत बोलेन," लतिका म्हणाली. "मुंबई आपली म्हणतो ना? मग शास्त्रही आपल्या भाषेत ऐकू या."

टाळ्या थांबेनात.

मग तिने अल्मोड्याची हकीकत सांगितली. वणव्यात तिथल्या डोंगराच्या दोन्ही उतारांवर सुईसारख्या पानांची चिडाची झाडं सारखीच पोळली होती. ठेकेदार सगळीच तोडायला निघाला, तेव्हा लतिका आडवी आली.

"जाड सालीमुळे झाड आगीतून वाचतं," ती सांगत होती, "पण पानं जळाल्यावर अंगात ताकद उरत नाही. त्यात पावसाने ओढ दिली, कीड लागली, की ते उभ्या उभ्या वाळतं. उत्तरेच्या उतारावर सावलीमुळे ओल होती. तिथली झाडं राखा म्हणून जंगलखात्याच्या साहेबांशी भांडले. ते हसले, पण दोन्ही उतारांवरची तोड वर्षभर थांबवली."

"मग?" पुढून कुणीतरी विचारलं.

"पाऊस कमी झाला. दक्षिणेकडची जवळजवळ सगळी गेली. त्यातली काही जगतील असं मला वाटलं होतं, तिथे मी चुकले. उत्तरेचा उतार मात्र हिरवा झालाय."

आग विझली की गंगाधरचा बंब माघारी फिरायचा. त्यानंतरची झुंज त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या पोरीने तिथूनच काम सुरू केलं होतं.

"बाईंच्या घरचं कुणी आलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

काजळीने माखलेल्या खाकीत गंगाधर उभा राहिला. "मी. बाप तिचा." सगळ्या माना वळल्या. त्याने लेकीलाच विचारलं, "पुढचा उन्हाळा कडक गेला तर गो?"

"तर पुन्हा धोका आहे, बाबा. म्हणून परत जातेय."

"जा गो बाय," तो म्हणाला, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं.