देखरेखीखालचं बाळंतपण

सुईणीचा परवाना संपला तेव्हा तिच्या भाचीचे दिवस भरत आले होते. नूतनीकरणाला पर्यवेक्षकाची सही लागे आणि ती जागा रिकामी होती. मंडळाच्या कार्यालयात पर्यवेक्षकाची खुर्ची होती, खुर्चीवर गादी होती आणि गादीवर कारकुनाचा जेवणाचा डबा होता.

"पर्यवेक्षक कोण नेमणार?" सुईणीने विचारलं.

"मंडळ. पण मंडळाची बैठक पर्यवेक्षकच बोलावतो."

"साहेब, मूल बैठकीसाठी अडून राहत नाही. भाचीचं पहिलं मूल परक्या हातात दगावलं. आता ती म्हणते, मावशी, तू नसलीस तर मी खाटेवर चढणार नाही."

कारकुनाला कणव आली, म्हणजे त्याने नियमावली उघडली. सर्वांत ज्येष्ठ सुईणीकडे तात्पुरता कार्यभार देता येत होता. डबा टेबलावर गेला. सुईण खुर्चीत बसली आणि स्वतःच्या अर्जावर सही करायला तिने पेन उघडलं.

"अहं, बाई. आपली सही आपल्यालाच चालत नाही. शिवाय पर्यवेक्षकाने बाळंतपणाला हात लावायचा नाही. नुसती देखरेख."

"म्हणजे होतं तेही गेलं."

"बढती झाली म्हणा."

त्याच आठवड्यात भाचीला कळा सुरू झाल्या. सुईणीने दार लावून घेतलं, बाह्या सारल्या आणि आजवर करत आली तेच केलं. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. अहवालात मात्र तिने लिहिलं की आपण केवळ देखरेख केली.

"मग प्रसूती केली कोणी?" कारकुनाने विचारलं.

"बाळंतिणीने."

"तिच्याकडे परवाना आहे?"

सुईणीला हसू आलं. कारकुनाला आलं नाही. त्याने नोटीस टाइप केली, आणि ती बजावणं पर्यवेक्षकाचं काम असल्याने सुईणीच्याच हातात दिली.

भाची मुलीला पाजत होती. तिने एका हाताने कागद धरून वाचला. विनापरवाना प्रसूती केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा.

"काय लिहू गं, मावशी?"

"लिही, चूक झाली, पुन्हा करणार नाही. फाइल बंद होईल."

भाचीने दाराकडे पाहिलं. बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, पुढच्या खेपेला नातूच.

"आण पेन," भाची म्हणाली. "आणि शिक्का मारलेली एक प्रत मला दे. सासूबाईंना दाखवीन. सरकारी हुकूम आहे म्हणावं, माझ्या हातात काय आहे?"