चौथ्या बोटाची चौकशी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. स्टँड म्हटलं की लोकांना सायकलचा आठवतो, नाहीतर कपडे वाळत घालायचा. मी त्यातला नाही. व्हायोलिन वाजवणाऱ्यासमोर उभं राहून स्वरांचे कागद धरायचे, हे माझं काम. तीन पाय, एक दांडा आणि वर तिरकी पाटी, एवढाच माझा पसारा. त्यातला एक पाय जन्मापासून आखूड आहे. ज्या कारखान्यात मला जोडलं, तिथल्या वेल्डरचं त्या दिवशी लक्ष ठिकाणावर नसावं. पण पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की मी निमूट उभा राहतो.

माझी पहिली वर्षं व्हायोलिन शिकवणाऱ्या एका शिक्षकांकडे गेली. त्यांना सगळे सर म्हणत. सर फार कमी बोलत. त्यांच्या तोंडून 'वा' निघाला, तर वाजवणारा दोन दिवस हवेत असे. चुकलं की मात्र ते पेन्सिल घेऊन कागदावर बोटांचे आकडे लिहीत. तर्जनी म्हणजे पहिलं बोट, करंगळी म्हणजे चौथं. एका मुलीची करंगळी इतकी लहान होती की ती तारेवर नीट पोचायचीच नाही. तिच्या कागदावर स्वर कमी आणि चारचे आकडे जास्त, अशी गत होती. पण पोरगी चिवट. तिनं ते बोट पोचवलंच. तिचं शिक्षण संपलं तेव्हा सरांनी मला उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा लंगडा आहे, पण पडत नाही. घेऊन जा."

स्तुती म्हणायची तर आयुष्यात माझी एवढीच झाली. मला ती पुरली.

ती मुलगी पुढे मोठी वादक झाली आणि सगळे तिला ताई म्हणू लागले. कितीतरी रंगमंचांवर मी तिच्यासमोर उभा राहिलो. टाळ्या तिला मिळत. मला कोणी बघत नसे, आणि त्यात मला वाईटही वाटत नसे. ती वाजवायची आणि मी कागद धरायचो.

मग एक दिवस माझ्या पाटीवरचे कागद गेले आणि तिथे चिमटा बसवून मोबाइल अडकवला गेला. कार्यक्रम कमी झाले होते. लोक आता मोबाइलवरच ऐकतात, तिथे रोज दिसायला हवं, असं ताईला कोणीतरी पटवून दिलं. तिनं तीन माणसं कामाला घेतली. एकजण व्हिडिओ काढायचा आणि कापून जोडायचा. दुसरी त्याखालचा मजकूर लिहायची. तिसरी सगळ्यांत लहान, ती लोकांच्या प्रतिक्रियांना ताईच्या नावानं उत्तरं द्यायची. तिला सगळे उत्तरवाली म्हणत. त्या तिघांना सांभाळायचं काम ताईवर आलं. सकाळची सरावाची वेळ बैठकीत जाऊ लागली. कोणता व्हिडिओ कधी टाकायचा, कोण रजेवर, कोण कोणावर रुसलं, हे सगळं तीच बघायची. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात फक्त चार तारा सांभाळल्या, तिला आता तीन माणसं सांभाळायची होती. तारा परवडल्या.

दर सोमवारी आठवड्याभराचे व्हिडिओ एकदम काढले जात.

"ताई, निळा ड्रेस झाला. आता पिवळा घाला, हा गुरुवारचा," व्हिडिओवाला म्हणायचा. "आणि जरा हसा ना. गुरुवारी लोक कंटाळलेले असतात."

ताई गुरुवारचं हसून घ्यायची. मग शुक्रवारचं.

सुरुवातीला ती सगळ्या प्रतिक्रिया स्वतः वाचायची. एकदा कोणीतरी फार लागेल असं लिहिलं, आणि तिनं दोन दिवस व्हायोलिनला हात लावला नाही. तेव्हा तिनं उत्तरवालीसाठी एक कागद लिहून काढला. कौतुक करणाऱ्याला 'मनापासून आभार'. प्रश्न विचारणाऱ्याला 'लवकरच सांगते'. आणि चूक काढणाऱ्याला जोडलेल्या हातांचं चिन्ह. वाद नाही, चर्चा नाही, मला सांगायचंही नाही. त्या दिवसापासून ताईला शांत झोप लागू लागली.

नंतर तिची करंगळी दुखू लागली. डाव्या हाताची, तीच. आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा. व्हिडिओत मोबाइलला जेवढं दिसायचं तेवढंच जगाला दिसायचं. व्हिडिओवाला गेल्यावर ती हात मांडीवर घेऊन तासभर चोळत बसायची, ते फक्त मला दिसायचं. तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगणार कोणाला? ते तिघं तिच्या वाजवण्यावर अवलंबून होते. बोट गेलं असं कळलं असतं, तर त्यांचा जीव टांगणीला लागला असता. तिची आई दूर राहायची. ती फोनवर म्हणायची, "रोज बघते हो तुला. किती छान हसतेस! बरं चाललंय ना सगळं?"

"बरं चाललंय गं आई," ताई म्हणायची.

ती करंगळी टाळता येईल अशाच धून निवडू लागली. आणि एका दुपारी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "लाखभर माणसं बघतात. एकालाही दिसू नये?"

मित्रांनो, मला वाचा असती तर मी सांगितलं असतं की मला दिसतंय. पण लोखंडाला दिसून काय उपयोग? त्या दुपारइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

असे चार महिने गेले. मग उत्तरवालीला ताप आला आणि दोन दिवस उत्तरं द्यायचं काम ताईवर पडलं. ती आपला फोन घेऊन माझ्या पायाशी जमिनीवर बसून वाचू लागली. आभार, आभार, लवकरच सांगते. जुन्या व्हिडिओंकडे जाता जाता ती एकदम थांबली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "चौथं बोट उचलतेस, पण ठेवत नाहीस. दुखतंय का?"

खातं कुठल्याशा शाळकरी मुलीचं होतं. फोटोत तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. पण करंगळीला चौथं बोट म्हणणारं माणूस ताईच्या आयुष्यात एकच होतं. नातीच्या खात्यावरून सर लिहीत होते. खाली उत्तर होतं, जोडलेले हात.

दहा दिवसांनी सरांनी पुन्हा लिहिलं होतं, "आजही तेच. डॉक्टरांना दाखव. अंगावर काढू नकोस." खाली जोडलेले हात.

आणि महिन्याभरानं, "कामात असशील. आता विचारत नाही." त्याखालीही जोडलेले हात.

ताईनं उत्तरवालीला फोन लावला. "या मुलीच्या खात्याला तू उत्तरं दिलीस?"

"हो ताई. चूक काढली की हात जोडायचे, असं तुम्हीच लिहून दिलंय ना? काही चुकलं का माझं?"

ताईनं कपाळ माझ्या दांड्याला टेकवलं. मग म्हणाली, "नाही गं. तुझं काही चुकलं नाही. औषध घेतलंस का?"

तिनं व्हायोलिन घेतलं नाही, चिमट्यातला व्हिडिओंचा मोबाइलही काढला नाही. तशीच पायात चपला घालून निघून गेली. खोलीत मी आणि तो मोबाइल. आदल्या सोमवारी भरून ठेवलेले व्हिडिओ पुढचे काही दिवस वेळच्या वेळी जात राहिले. ताई त्यात हसत होती आणि लोक कौतुक करत होते.

परत आल्यावर तिनं तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, कोपराजवळची नस दबली आहे. चार महिने आधी आला असतात तर बोट बरंच वाचलं असतं. आता ते पूर्वीसारखं चालेल याची खात्री नाही. उत्तरवाली रडू लागली, तेव्हा ताईनंच तिला पाणी दिलं.

आता व्हिडिओ बंद आहेत. व्हिडिओवाल्यानं दुसरं काम धरलं. मी दाराआड छत्रीशेजारी उभा असतो आणि माझ्यावर धूळ बसते. आठवड्यातून दोनदा ताई सरांकडे जाते, तेव्हा मला तेवढी दार उघडल्याची हवा लागते.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमची चौकशी करणाऱ्या माणसाला उत्तर तुम्ही स्वतः द्या. ते काम दुसऱ्यावर सोपवू नका. ताईनं त्या तिघांना सांगितलं ते मीही ऐकलं. ती चपला घालून निघाली त्या दिवशी सरांनी दार उघडलं, तेव्हा ते 'ये' म्हणाले नाहीत की रागावलेही नाहीत. त्यांनी हात पुढे केला, ताईनं आपला डावा हात त्यात ठेवला, आणि त्यांनी करंगळीचं एकेक पेर दाबत पुन्हा तेच विचारलं, "दुखतंय का?"

"हो," ताई म्हणाली. एवढं एक अक्षर सरांपर्यंत पोचायला चार महिने लागले होते.