खांबेट्यांचा शिक्का आणि एक चौकशी

मी एक जुना शिक्का आहे. खांबेट्यांच्या मुलीसाठी, अवंतिकासाठी, पहिले स्थळ आले ते साल १९९३. तोवर माझी एक कड झिजली होती आणि माझा स्वभाव संशयी झाला होता. मित्रांनो, तुम्ही माझे ऐकायला बसला आहात ते कशासाठी, हेही मला आधी विचारावेसे वाटते. पण असू द्या. बसलाच आहात तर ऐका.

मी म्हशीच्या शिंगाचा. योकोहामाच्या बंदरामागच्या एका गल्लीत एक म्हातारा कारागीर होता. त्याने मला लाकडी चापात आवळले आणि बारीक हत्याराने माझ्या तोंडावर जपानी लिपीत ‘खांबेटे’ हे नाव कोरले. अक्षरे उलटी कोरली. शिक्का उलटाच असावा लागतो, तेव्हा कागदावर सुलटा उठतो. त्या एका नावापलीकडे मला काही वाचता येत नव्हते. बाकीची अक्षरे मी फार उशिरा शिकलो, ज्या ज्या कागदावर मला दाबले त्या त्या कागदावरून.

माझे मालक प्रल्हाद खांबेटे यांचेही तसेच झाले. ते मालवणकडून इथल्या एका कापडाच्या पेढीवर नोकरीला आले. शाळा अर्ध्यात सुटलेली. जपानी वाचायला ते चाळिशीत शिकले. उशिरा वाचायला शिकलेला माणूस कागदावर लवकर विश्वास ठेवत नाही. त्याला सारखे वाटते, मला वाचता येत नव्हते तेव्हा या लोकांनी काय काय लिहून घेतले असेल.

जपानमध्ये सहीपेक्षा शिक्क्याचा मान मोठा. घर भाड्याने घ्यायचे, बँकेत खाते उघडायचे, मुलीला शाळेत घालायचे, प्रत्येक ठिकाणी मी लागे. बँकेतल्या बाई म्हणायच्या, “खांबेटे-सान, तुमचा ठसा फार स्वच्छ उठतो.” मी खूश होई. मालक मात्र म्हणत, “ही गोड बोलते आहे म्हणजे कागद पुन्हा वाचला पाहिजे.” ते प्रत्येक कागद वाचत, घडी घालत, उघडून परत वाचत. मग माझ्या तोंडावर फुंकर मारत, लाल शाईत मला टेकवत आणि दाबत. त्यांच्या बोटांतून त्यांचा संशय माझ्यात उतरला. मला तो दोष वाटत नव्हता. शिक्क्याने सावध असू नये तर कोणी असावे?

आता त्या स्थळाविषयी. खरे तर ते स्थळ अवंतिकानेच आणले. ती टोकियोतल्या तोयोसुच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होती. तिथेच मयूरेश सुखटणकर होता. त्याचे वडील विजयकुमार मराठी, आई जपानी. वडील वारलेले. मुलगा घरी जेवायला आला आणि वरणभात हाताने कालवून जेवला, तेव्हा मालकीणबाईंनी, तारामतीबाईंनी, मनातल्या मनात लग्न लावून टाकले.

“चमचा मागितला नाही त्याने,” त्या म्हणाल्या.

“आपल्याला दाखवायला कालवला असेल,” मालक म्हणाले.

तशात संक्रांतीचे हळदीकुंकू आले. त्याला सुप्रभाताई आल्या. कोर्टाच्या रस्त्यावर त्यांच्या यजमानांचे ऑफिस होते. वाण घेता घेता त्या म्हणाल्या, “तारामतीवहिनी, मी काही म्हणत नाही हं. पण भोगीच्या आदल्या दिवशी तुमचा होणारा जावई कोर्टाच्या पायऱ्या उतरताना पाहिला मी. काळा सूट, मान खाली. आता माणूस कोर्टात हवा खायला तर जात नाही.”

एवढे बोलून त्यांनी दुसरा तिळगूळ घेतला.

तारामतीबाई मालकांना म्हणाल्या, “त्यालाच विचारा की सरळ.”

“नवऱ्या मुलाला कोण विचारतं?” मालक म्हणाले. “चौकशी बाहेरून करायची असते. माझ्या बहिणीच्या वेळी अण्णांनी न्हाव्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. मुलाला सोडून.”

मग मालकांनी बाहेरून चौकशी सुरू केली. सुप्रभाताईंच्या यजमानांना विचारले. पेढीवरच्या जुन्या सोबत्यांना विचारले. भारतीय किराणा विकणाऱ्या वाण्याला विचारले, “सुखटणकरांच्या मुलावर खटला झाला होता का हो?” वाणी म्हणाला, “कोण जाणे, पण तुम्ही विचारताय म्हणजे काहीतरी असणार.” मी तेव्हा मालकांच्या कोटाच्या वरच्या खिशात होतो. ते उत्तर मला बरोबर वाटले. तेव्हा वाटले.

शहराच्या वाचनालयात मालकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळली. एका कोपऱ्यात चार ओळींची बातमी सापडली. मालाची गाडी चालवताना सायकलवरच्या एका वृद्ध बाईंना जखमी केल्याबद्दल सुखटणकर नावाच्या तरुणाला शिक्षा झाली. बातमीत आडनाव तेवढेच होते. निकालाची तारीख भोगीच्या आदल्या दिवसाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कान्नाई स्टेशनावर उतरून कोर्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मालकांना नीट समजावले. “खटले सगळ्यांसाठी उघडे असतात. आज कोणते चालणार ते तिथल्या यादीत बघा आणि मागच्या बाकावर जाऊन बसा. कोणी अडवणार नाही.”

“मला होऊन गेलेला खटला बघायचाय.”

“निकाल पक्का झाला की फौजदारी खटल्याचे कागद आमच्याकडे राहत नाहीत. ते सरकारी वकिलांच्या कचेरीत जातात. तिथे अर्ज करा.”

सरकारी वकिलांच्या कचेरीत एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी पहिल्यांदा विचारले, कोणत्या कोर्टाचा निकाल, कोणत्या तारखेचा. नुसते माणसाचे नाव देऊन ‘याच्यावर काही आहे का’ असे इथे विचारता येत नाही, म्हणाले. मालकांनी बातमीची तारीख सांगितली.

“निकाल पक्का होऊन तीन वर्षं झाली नसतील तर कोणीही अर्ज करू शकतो,” कारकून म्हणाले.

“परदेशी माणूससुद्धा?”

“कोणीही. पण दाखवायचं की नाही ते इथे ठरतं. शिक्षा झालेला माणूस पुन्हा उभा राहत असेल आणि कागद बाहेर गेल्याने तो पडणार असेल, तर दाखवत नाही. आणि दाखवले, तर वाचणाऱ्याने त्या माणसाचं नाव खराब करायचं नाही. तसं कायद्यातच आहे. कारण काय लिहायचं?”

“मुलीच्या लग्नाची चौकशी.”

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. “त्या मुलाला विचारलंत का?”

“आमच्यात तसं विचारत नाहीत.”

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. मालकांनी अर्ज उलटसुलट वाचला, फुंकर मारली आणि मला दाबले. माझी झिजलेली कडही त्या दिवशी कागदावर उठली.

आठवड्याने कचेरीतून फोन आला. परवानगी नाही.

“बघ,” मालक तारामतीबाईंना म्हणाले, “नाही म्हणाले, म्हणजे आहे. काही नसतं तर दाखवलं असतं.”

“दाखवलं असतं तरी तुम्ही म्हणाला असतात, सगळं दाखवलं नसेल.”

मलाही मालकांचेच खरे वाटत होते. लपवलेला कागद हा वाईटच कागद, असे मी समजत होतो.

त्याच आठवड्यात अवंतिका लग्नाच्या नोंदणीचा कागद घेऊन आली. इथे तो कागद वॉर्डाच्या कचेरीत दिला की लग्न झाले. त्यावर दोन साक्षीदारांच्या जागा असतात. साक्षीदार कोणीही सज्ञान माणूस चालतो. पण अवंतिकाने तो कागद जेवणाच्या टेबलावर मालकांपुढे ठेवला आणि म्हणाली, “बाबा, पहिला शिक्का मला तुमचाच हवाय. तुमचा पडल्याशिवाय मी दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही.”

मित्रांनो, मी आयुष्यभर भाड्याच्या आणि बँकेच्या कागदांवर पडत आलो. असा कागद माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

मालकांनी कागद वाचला आणि बाजूला सारला. मग कोर्टाचे जे कानावर आले होते ते सांगितले. अवंतिकाने ऐकून घेतले.

“कोणाकोणाला विचारलंत?” ती म्हणाली.

मालकांनी सगळ्यांची नावे सांगितली. सांगताना त्यांना थोडा अभिमानही होता.

“आणि मयूरेशला?”

मालकांनी टेबलावरच्या कागदाची कड सरळ केली.

रविवारी मयूरेश आला. चहा नको म्हणाला. त्याचे मराठी स्वच्छ होते, फक्त मध्ये मध्ये थांबायचे.

“काका, गाडी माझा धाकटा भाऊ चालवत होता. केदार. चूक त्याचीच होती. तो पळाला नाही. त्या बाईंजवळ बसून राहिला, अँब्युलन्स येईपर्यंत. त्या बऱ्या झाल्या, पण एक पाय अजून दुखतो. कोर्टाने शिक्षा दिली आणि ती स्थगित ठेवली. म्हणजे पुन्हा काही केलं नाही तर आत जायचं नाही. आधीच्या तारखेला मी कोर्टापुढे उभा राहिलो होतो, याच्यावर मी लक्ष ठेवीन असं सांगायला. निकालाच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. त्या दिवशी मला पाहिलं असेल.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“ती केदारची गोष्ट आहे. मी कशी सांगू? पण तुम्ही विचारलं असतं तर मी त्याला फोन केला असता. तो स्वतः येऊन इथे बसला असता. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, काका. मला नाही.”

“मुलीचा बाप आहे मी. चौकशी करणारच.”

“हो. तुम्ही ज्या किराणावाल्याला विचारलंत ना, केदार त्याच्या गोदामात माल भरायला होता. सुखटणकर कोण, हे त्याला माहीत होतं. खटल्याचं माहीत नव्हतं. मागच्या सोमवारपासून केदारला बोलावणं नाही.”

तारामतीबाई म्हणाल्या, “अहो, आता तरी.”

माझी डबी उघडी होती. शाईचे झाकण काढलेले होते. मालकांनी मला उचलले. फुंकर मारली. मी शाईला टेकलो. मयूरेश माझ्याकडे बघत नव्हता, तो अवंतिकाकडे बघत होता. आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की आता विचार नको, दाबा.

मालक म्हणाले, “हा सांगतो ते खरं कशावरून? मी आणखी एकदा विचार करतो.”

त्यांनी कागदाने माझे तोंड पुसले आणि मला डबीत ठेवून दिले.

“केदारला बोलावू का?” मयूरेशने विचारले.

“बघू,” मालक म्हणाले.

अवंतिकाने कागदाची घडी घातली. “दाइजोबु, बाबा,” ती म्हणाली. म्हणजे काळजी करू नका, ठीक आहे. लहानपणी गुडघा फुटला की ती तसेच म्हणायची.

पंधरा दिवस तिने वाट पाहिली. मग कोतो वॉर्डाच्या कचेरीत नोंदणी झाली. एका साक्षीदाराच्या जागी तिची मैत्रीण नंदिनी हिचा शिक्का पडला, दुसऱ्या जागी केदारचा. तारामतीबाई जाऊन आल्या. त्या मालकांना एवढेच म्हणाल्या, “दोन शिक्के लागतात. लागले.”

पुढची वर्षे अवंतिका आणि मयूरेश दिवाळीला येत राहिले. मालक जावयाला ऑफिसचे विचारत, हवेचे विचारत. केदारला पुढे चिबाकडे एका नर्सरीत रोपे लावायचे काम मिळाले, हे तारामतीबाईंनी सांगितले. मालकांनी ऐकले, पण भेटायला बोलावले नाही. मी डबीत पडून असे. पेन्शनच्या कागदांना वर्षातून एकदा लागे. शाई वाळत चालली होती.

मित्रांनो, कोर्टाचे दार उघडे असते ते चांगलेच आहे. कधी वेळ मिळाला तर जा, मागच्या बाकावर बसा आणि माणसांचा न्याय कसा होतो ते बघा. जुने कागद हवे असतील तर कोणत्या कचेरीत जायचे, तेही मी तुम्हाला सांगितले. पण आम्हाला तो कागद मिळालाही नाही, एक ओळसुद्धा आम्ही वाचली नाही, आणि नुसत्या विचारण्याने एका माणसाचे काम गेले. तेव्हा ज्याच्याविषयी शंका आहे त्याच्याकडे पहिल्यांदा जा. त्याला बसवा, चहा द्या, विचारा. तो खोटे बोलेल अशी भीती वाटेल. वाटू द्या. मी शिंगाचा शिक्का, मला तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येते.

इथे माणूस गेला की वॉर्डाच्या कचेरीतली त्याच्या शिक्क्याची नोंदही रद्द होते. माझी नोंद तारामतीबाईंनी तिथे मृत्यूचा दाखला दिला त्या दिवशी रद्द झाली.

प्रल्हाद विष्णू खांबेटे १९ मार्च १९९८ रोजी सकाळी योकोहामाच्या रुग्णालयात वारले. केदारची आणि त्यांची भेट झाली नाही.