थोरल्यांच्या सीटवरची चादर

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी, जाडजूड सुती चादर आहे, आणि माझ्या अंगावर दिसतात ते मळाचे नव्हेत, रंगाचे डाग आहेत. मी रंगाऱ्यांच्या घरातली. लोकांच्या भिंती रंगवायच्या असल्या की त्यांचे सोफे, पलंग, फरशा झाकायच्या आणि वरून पडणारा प्रत्येक थेंब अंगावर घ्यायचा, यात माझं आयुष्य गेलं.

आमच्या घरात रंगारी दोन. वडील ते थोरले, मुलगा तो धाकटा. थोरल्यांची शिस्त कडक होती. "आधी झाकायचं, मग डबा उघडायचा," असं ते म्हणत, आणि रंग पुरता वाळल्यावरच मला उचलत. एखाद्या घरच्या बाई म्हणायच्या, "अहो, एक थेंबसुद्धा सांडला नाही हो!" कौतुक थोरल्यांचं व्हायचं, पण फुगायचे मी.

मग थोरले आजारी पडले. त्यांचं उजवं अंग लुळं झालं, हात थरथरू लागला, पाणी पिताना निम्मं अंगावर सांडू लागलं. दर आठवड्याला दवाखान्यात व्यायामाला आणलं तर पायांत बळ येईल, नाहीतर चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांना बसमध्ये चढवणं म्हणजे दिव्यच होतं. म्हणून धाकट्याने गाडी घेतली.

काय सांगू तुम्हाला! गाडी दारात आली त्या सकाळी मी दोरीवर वाळत होते. गाडी निळी होती, पण इतके निळे डाग अंगावर वागवूनही मी असा निळा जन्मात पाहिला नव्हता. त्यात आभाळ दिसत होतं, दोरी दिसत होती, आणि दोरीवरची मीही. थोरल्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी बोटांची मागची बाजू दारावरून अगदी हलकेच फिरवली.

"ब्रशचा फराटा नाही, कुठे ओघळ नाही. कुणी दिला असेल रे हा रंगाचा हात?"

"यंत्राने देतात, बाबा."

"यंत्र असो नाहीतर माणूस. नमस्कार करावा असं काम आहे."

धाकटा गाडीला जिवापाड जपू लागला. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच मऊ फडकं लावायचं. कोरडंच पुसलं तर धुळीचे कण रंगावर चरे पाडतात. गाडी सावलीतच उभी करायची. कावळ्याने घाण केली तर ती खरवडायची नाही, भिजवून अलगद टिपायची. बायकोला तर चपला झटकल्याशिवाय आत पाय ठेवायची सोय नव्हती. "गाडी आणलीय की नवी नवरी?" म्हणून ती चिडवायची.

दवाखान्यात जायच्या पहिल्या दिवशी धाकट्याने मला पुढच्या सीटवर अंथरलं. फक्त त्याच एका सीटवर. कोपरे नीट खोचले. इतक्या मऊ, कोऱ्या कापडावर मी कधी टेकले नव्हते. मी हरखूनच गेले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आवडीची वस्तू झाकून ठेवायची, हे त्याला बापानेच शिकवलं होतं.

सुनेच्या खांद्यावर हात ठेवून थोरले गाडीपाशी आले. मला बघितलं आणि थबकले.

"ही इथे कशाला?"

"असू दे जरा, बाबा. नवी सीट आहे."

"आपण चादर कशासाठी घालतो? डाग पडू नये म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला. "मग मी डाग आहे होय रे?"

ते वळले. "चल सूनबाई, आत. मला नाही जायचं. आज नाही, कधीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकट्याने एका झटक्यात मला ओढलं. मित्रांनो, आजवर मला काम संपल्यावरच काढत आले होते. एकही थेंब पडायच्या आधी मला काढलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला मागच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे टाकून तो बापाकडे धावला.

"चुकलं, बाबा. गाडी तुमच्यासाठी घेतली आणि तुमच्यापासूनच जपत बसलो. चला ना."

त्याचे डोळे भरून आले होते. थोरले वळले आणि येऊन सीटवर बसले.

परतताना दमलेल्या थोरल्यांनी चहा मागितला. वाटेत गाडी थांबवून धाकट्याने कप त्यांच्या हातात दिला. हात थरथरला आणि अर्धा कप चहा सीटवर गेला. थोरल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मागे बसलेल्या सुनेने घाईघाईने मला उचललं.

"राहू दे गं," धाकटा म्हणाला. मग बापाकडे वळला. "पहिला हात पडला, बाबा. दुसरा पुढच्या आठवड्यात देऊ."

थोरले इतके हसले की उरलेला चहाही सांडला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. रंगाला चरा पडू देऊ नका, डाग ओला आहे तोवरच टिपून घ्या. पण घरचं माणूस बसायला आलं की त्याच्यासमोर चादर अंथरू नका. आमच्या थोरल्यांची सीट आता पार डागाळली आहे. ते मात्र काठी टेकत, आपल्या पायांनी गाडीपर्यंत येतात, आणि दार उघडायला कुणी पुढे झालं तर त्याच्यावरच खेकसतात.