काठीवरची तिसरी खूण

माझे वडील केरबा मेंढपाळ आहेत आणि त्यांच्या काठीवर तीन खुणा आहेत. पहिली गुडघ्याच्या खाली. ओढ्याचं पाणी तिथवर असलं तर कोकरं पार होतात. दुसरी मांडीपाशी. पाणी तिथवर चढलं की मोठ्या मेंढ्याही अलीकडंच थांबवायच्या. तिसरी त्याच्याही वर चार बोटं, आणि ती माझी आहे. यंदा भाद्रपदात माझ्यासमोर कोरली. ती कशी कोरली ते सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला माझा इलाज नाही.

मी प्रांजली. सोयगावच्या वरच्या अंगाला डोंगरात सात वस्त्या आहेत, तिथल्या शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं काम मी करते. संभाजीनगरला गारखेड्यात एका संस्थेचं ऑफिस आहे, त्या संस्थेची मी पशुसखी. तीन वर्षं हे काम मी त्यांच्या जुन्या स्कूटीवर केलं. स्कूटीवर म्हणजे काय, निम्मा रस्ता स्कूटीवर मी आणि निम्मा रस्ता माझ्यावर स्कूटी. काळ्या रानात चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसायचा की चाकच फिरायचं नाही. मग बाभळीच्या काडीनं माती उकरत बसायचं. तोवर पेटीतला बर्फ वितळून लस वाया.

वरच्या तीन वस्त्यांवर तर स्कूटी जातच नव्हती. तिथं जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. आणि मागं बसणाऱ्याला स्वतःची वेळ नसते. पुढच्याचा चहा होतो, तंबाखू होते, सोयऱ्याची गाठ पडते, मग गाडी सुटते. गेल्या साली मला असंच दोन दिवस कुणी नेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा केसरबाईच्या अकरा शेळ्या मेल्या होत्या. ती म्हातारी नुसती दावी गोळा करत राहिली. त्या दिवशी मी ठरवलं की आता कुणाच्या मागं बसायचं नाही.

संस्थेचे राजेंद्र सर माणूस चांगला. माझी तक्रार ऐकून त्यांनी वर्षभर कुठंकुठं अर्ज केले आणि एका मोटारसायकलीची मंजुरी आणली. साधी नाही, डोंगरात चालणारी ट्रेल गाडी. मला म्हणाले, "गाडी तूच निवड, प्रांजली. डोंगर तुझा, पाय तुझे. मी फक्त सही करणार."

संभाजीनगरातच उस्मानपुऱ्यात बद्रीनाथ नावाचा माणूस अशा गाड्या विकतो. नव्या, जुन्या, सगळ्या. त्यानं आधी मला दुकानापासून सिग्नलपर्यंत चक्कर मारायला सांगितली. मी म्हटलं, "भाऊ, सिग्नलपर्यंत तर आमची स्कूटीबी जाती." तो हसला आणि दोन गाड्या घेऊन शहरालगतच्या सातारा डोंगराकडं यायला तयार झाला.

त्या दिवशी सर होते आणि आबा, म्हणजे माझे वडीलही, आले होते. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. एक तांबडी गाडी होती, बुटकी आणि हलकी. एक निळी, उंच, पोटाखालून मांजर उभं जाईल एवढी. मुरमाच्या चढावर दोन्ही सारख्या चढल्या. वाळूत निळी सरस. मग नाल्यातल्या गोट्यांवर गेलो. तिथं निळीवर माझा तोल गेला, पाय टेकवायला गेले तर खाली जमीनच नाही. गाडीसकट आडवी झाले. कोपर सोलून निघालं. आबा म्हातारपण विसरून धावले. त्यांनीच मला उठवलं, धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं. गाडी मात्र मला एकटीला उचलेना.

तांबडीचंही तसंच झालं, पण पाय टेकला आणि मी उभी राहिले.

एकच परीक्षा राहिली होती, काळ्या चिखलाची. शेजारी एकजण उसाला पाणी देत होता. आबांनी त्याच्याशी पाच मिनिटांत सोयरीक काढली आणि त्याच्या रानातून गाडी न्यायची परवानगी मिळवली. आधी स्वतः काठी खुपसून चिखल किती खोल ते पाहिलं. "हान आता," म्हणाले. मी तांबडी घातली. मडगार्ड उंच, टायरला जाड दाते, चिखल फेकत गाडी सरळ पलीकडं. आबा बांधावर उभे राहून ओरडत होते, "वाघीण हाय माझी! वाघीण!" तो ऊसवाला, बद्रीनाथ, सर, सगळे हसत होते. माझ्या तोंडावर चिखल होता आणि मला रडू येत होतं. इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते.

मग आबांनी तांबडीच्या सीटला काठी लावली. कंबरेचा चाकू काढून सीटच्या उंचीला खूण पाडली.

"कशाला, आबा?" मी विचारलं.

"ही तुझी उंची. यापरीस तसूभर वर नाय पायजे. म्या इसरंन, काठी नाय इसरायची."

पुढच्या आठवड्यात गाडी ताब्यात घ्यायची होती. निघायच्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, वरच्या वाड्यावर मेंढ्या लंगडायला लागल्यात, खुरकूत दिसतंय. खुरकूत म्हटल्यावर मी काय थांबणार? आबा म्हणाले, "तू जा. गाडीचं म्या बघतो. माप हाय की माझ्याजवळ." काठी उचलून दाखवली. मी डोंगर चढून गेले. दोन मेंढ्या लंगडत होत्या. दोघींच्या खुरात काटे होते. काटे काढले, चहा घेतला, उतरले. आबांचं निदान पहिल्यांदाच चुकलं म्हणून मला गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गाडी उतरली. निळी.

मला वाटलं, चुकून आली. गळ्यात झेंडूचा हार, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं. माय ओवाळायला ताट घेऊन उभी. मी गाडीवर बसले आणि दोन्ही पाय लोंबकळले. वस्तीवरची पोरं हसली. मी आबांकडं पाहिलं.

"फसवलं त्या दुकानदारानं," आबा जमिनीकडं बघत म्हणाले. "म्हनला हीच ती. मला काय रंग कळतो का?"

"आणि काठी?"

"गडबडीत राहिलं."

माझा धाकटा भाऊ रामहरी माझ्यापेक्षा हातभर उंच. बारावीनंतर दोन वर्षं घरीच. तो पुढं आला, गाडीवर बसला, दोन्ही पाय सपाट टेकले. "ताई, तू काळजी करू नको. म्या चालवीन, तू मागं बस. काम तुझंच." आबा लगेच म्हणाले, "व्हय, तोवर तसंच करू." सरांनाही त्यांनी फोनवर तेच सांगितलं. संस्थेकडून चालवणाऱ्याला वेगळा पगार सुरू झाला. सगळं कसं पटापट जमलं. मी एकटीच त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होते.

तीन आठवडे मी रामहरीच्या मागं बसले. तो वाईट चालवत नाही. पण त्याचाही चहा होतो, त्याचेही मित्र भेटतात. एकदा केसरबाईच्या वस्तीवर आम्ही सकाळऐवजी दुपारी पोचलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं कोण बसलंय तेही बघितलं. 

मग मी उठले आणि सिल्लोडमार्गे एसटीनं संभाजीनगर गाठलं. बद्रीनाथला काय काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सुरू केलं. "डोळे फुटले होते काय तुमचे? अडाणी माणूस बघून गळ्यात मारता? चिखलात कोण उतरलं होतं, निळीवरून कोण पडलं होतं, सगळं बघितलंत ना तुम्ही?" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो बिचारा हातातला पाना तसाच धरून उभा.

"ताई, एक मिनिट. मी तर तांबडी धुऊन पुसून काढून ठेवली होती. तुमचे वडीलच नको म्हणाले."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, बाबा, हिच्यावर पोरीचे पाय पुरत नाहीत. तर म्हणाले, पोरीनंच सांगितलंय, तिचा विचार बदललाय. सरांनापण हेच सांगितलं. राजेंद्र सर फोन लावत होते तुम्हाला, तुम्ही डोंगरावर होता, रेंज नव्हती."

 त्यानं मोबाइल काढला. गाडी ताब्यात देताना तो प्रत्येकाचा फोटो काढतो. फोटोत निळी गाडी होती, हार घातलेली. गाडीवर रामहरी, दोन्ही पाय सपाट टेकलेले. रामहरी त्या दिवशी सोबत गेला होता हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि शेजारी आबा, सीटला काठी लावून. काठीवर त्यांचा अंगठा. अंगठा माझ्या खुणेवर होता आणि सीट त्याच्या वर चांगली चार बोटं.

"लई बारकाईनं माप घेतलं बाबांनी," बद्रीनाथ कौतुकानं म्हणाला. "तीन गाड्यांना काठी लावून बघितली. दोन खुणेच्या आत भरल्या, त्या नको म्हणाले."

मी तिथं स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं, ते प्याले. तांबडी आहे का विचारलं. ती गेल्या शनिवारी वैजापूरच्या कुणीतरी नेली होती. निळीची उंची कमी करून देतो म्हणाला, पण लसीची पेटी आणि मी, एवढं ओझं घेऊन तिचं पोट गोट्यांना घासेल, हेही त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं. ज्या चुकीसाठी त्याला शिव्या द्यायला मी शंभर किलोमीटर आले होते ती त्याची नव्हतीच. मी त्याची माफी मागितली आणि परतीच्या गाडीत बसले.

रडू आलं नाही. राग आला, आणि तोही सरळ येईना. बापानं तोंडावर नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. चार दिवस जेवले नसते, जिंकले तरी असते नाहीतर हरले तरी असते. माझं कोपर पुसणारा हात तोच आणि खुणेवरचा अंगठाही तोच. हे मला आजही जुळवता येत नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आबा अंगणात कोकरांना पाला टाकत होते. गाडी लिंबाखाली उभी.

"आबा, काठी आणा."

"कशाला?"

"गाडीला लावा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. तरी उठले, काठी आणली, सीटला लावली. सवयीनं अंगठा खुणेवर गेला.

"माप चुकलं का, आबा?"

 माय दारात येऊन उभी राहिली. तिला माहीत होतं हे तिच्या उभं राहण्यावरूनच मला समजलं.

"नाय," आबा म्हणाले. "माझं माप कधी चुकलंय?"

"मग?"

"तुला सात वस्त्या वळखतेत. डॉक्टरीन म्हनतेत. तू गाडीच्या पुढं बस नायतर मागं, तुझं काय बी कमी व्हत नाय. त्या पोराला कोन इचारतंय? सोयरीक बघायला जावं तर लोक म्हनतेत, करतो काय? आता निदान गाडीवर दिसतोय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दिली असती का?"

"नसती दिली."

"म्हनून नाय इचारलं."

मी घरात गेले. आता तरी त्यांनी खोटं बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीवर लसीकरण होतं. रामहरीनं गाडी काढली, पेटी कॅरिअरला बांधली. "बस, ताई." मी पेटी सोडवली आणि डोक्यावर घेतली. "तू जा कुठं जायचं तिथं," म्हटलं. तो बावरला. त्याला किती माहीत होतं ते मी विचारलं नाही. सरांना मी आदल्या संध्याकाळीच फोन केला होता. खरं काय ते सगळं सांगितलं, बापाचं नाव घेऊन सांगितलं. ते म्हणाले, दुसरी गाडी आता दोन वर्षं तरी नाही. मी म्हटलं, मग मी चालत जाईन. सूर्य उगवायच्या आत निघाले तर बर्फ टिकतो.

ओढ्यापाशी आले तर मागून पावलं आली. आबा. ते माझ्या पुढं गेले, पाण्यात उतरून काठी रोवली, नेहमीसारखं वाकून पाहिलं. पाणी पहिल्या खुणेच्या वर होतं, दुसरीच्या खाली. माझी खूण कोरडी, उजेडात स्वच्छ दिसत होती.

"धार हाय," ते म्हणाले. "धर." आणि काठीचं टोक माझ्याकडं केलं. मी चालायला लागले तेव्हापासून हा ओढा मी ते टोक धरून ओलांडलाय. पावसाळ्यात, शाळेत जाताना, पहिल्यांदा लसीची पेटी घेतली तेव्हाही.

मी पेटी एका हातानं सावरली, दुसऱ्या हातानं साडी खोचली आणि चार पावलं वरच्या बाजूला जाऊन पाण्यात उतरले. गोटे निसरडे होते. मध्यावर एकदा पाय सरकला, पण टेकला. पलीकडं पोचून मी मागं वळून पाहिलं नाही. ते काठी पुढं धरून अजून तसेच उभे असणार, कारण पाण्यातून परत फिरल्याचा आवाज मला चढ संपेपर्यंत आला नाही.